उशाशी असलेली तीन पुस्तकं

   

आज मी कुठला मोठा विषय मांडणार नाही. गेल्या दोन-अडीच महिन्यांत मी दोन पुस्तकं वाचून संपवली आणि तिसरं सध्या चालू आहे, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. संपलेली दोन म्हणजे कविता महाजन यांची 'ब्र' ही कादंबरी आणि विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह. चालू आहे ती हरिभाऊंची, म्हणजे हरि नारायण आपटे यांची, 'पण लक्षांत कोण घेतो?'.

ही तिन्ही काही मी ठरवून एकापाठोपाठ घेतली नव्हती. 'ब्र' गावच्या ग्रंथालयात हाताला लागली. 'कळ्यांचे निःश्वास' भाचीनं तिच्या अभ्यासासाठी आणलं होतं, ते मी मागून घेतलं. आणि हरिभाऊंची कादंबरी तर कपाटात कित्येक वर्षं होतीच. तिन्ही उशाशी एकावर एक ठेवलेली. एकदा झोपताना सहज त्यांच्या पाठीवरची नावं वाचली आणि लक्षात आलं, अगं, ही तिन्ही नावं बोलण्याबद्दलचीच आहेत की! 'ब्र' म्हणजे तोंडातून निघणारं, किंवा न निघणारं, एक अक्षर. 'तिनं ब्रसुद्धा काढला नाही' असं आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा कौतुकानं म्हणतो. निःश्वास म्हणजे जे बोलता आलं नाही ते छातीतून बाहेर पडतं तेव्हा होणारा आवाज. आणि तिसऱ्या नावात प्रश्नच आहे. बाई बोलली समजा. पण लक्षात कोण घेतो?

आता पुस्तकांकडे वळण्याआधी एका मैत्रिणीचा निरोप सांगते. तिनं विचारलंय, 'ताई, तुम्ही शिवणाचं पुस्तक सांगा, पापड-मसाल्याच्या व्यवसायाचं सांगा, ते उपयोगी पडतं. कादंबरी वाचून काय मिळतं? सगळं रचलेलंच तर असतं. आणि आमच्याकडे बाई कादंबरी घेऊन बसली की हिला काही काम उरलेलं नाही असं समजतात.'

प्रश्न रास्त आहे. आपल्या हातात दुपारचा तासभर येतो, तोही कधी येतो कधी नाही. तो कशावर घालवायचा हा हिशेब प्रत्येकीला करावाच लागतो. म्हणून या तीन पुस्तकांबद्दल सांगतानाच मी या प्रश्नाचंही उत्तर शोधते. तुम्हाला पटलं तर बघा.

आधी 'ब्र'. ही कादंबरी 2005 साली आली. कविता महाजन तोवर कवयित्री म्हणून माहीत होत्या, ही त्यांची पहिली कादंबरी. 2018 मध्ये त्या आपल्यातून गेल्या, वय अवघं 51. यातली प्रफुल्ला ही लग्नाच्या घरात गुदमरलेली बाई. तिथं तिला ब्र काढायची सोय नव्हती. ती बाहेर पडते आणि एका संस्थेचं काम करू लागते. काम काय, तर आदिवासी भागात ग्रामपंचायतींवर निवडून आलेल्या बायकांना भेटायचं, त्यांचे अनुभव ऐकायचे, लिहून घ्यायचे.

यामागची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते, पण तारखा सांगून ठेवते. 73वी घटनादुरुस्ती 1992 मध्ये झाली आणि 1993 पासून ती लागू झाली. पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवाव्या लागल्या. महाराष्ट्रानं पुढे 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. हे सगळं कागदावर एका ओळीत मावतं. पण त्या ओळीतली बाई ग्रामपंचायतीच्या ऑफिसात गेल्यावर काय होतं, हे त्या ओळीत नसतं. बसायला खुर्ची देतात का? ठराव वाचून दाखवतात, की नुसताच अंगठा घेतात? नवरा 'मीच सरपंच' म्हणून फिरतो, तेव्हा ती घरी काय करते? आणि एखादी खरंच हिशेब विचारू लागली की तिच्यावर अविश्वास ठराव कसा येतो? 'ब्र' मध्ये या बायका एकेक करून समोर येतात आणि बोलतात. आपल्या बोलीत बोलतात. कुणी चिडून, कुणी हसून, कुणी अगदी सहज, जणू कालच्या पावसाबद्दल सांगतेय.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की प्रफुल्ला त्यांना शहाणं करायला गेलेली नाही. ती ऐकत जाते आणि ऐकता ऐकता तिच्याच आयुष्याचे सांधे तिला दिसू लागतात. शिकलेल्या घरात आपण गप्प बसत होतो आणि शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई भर सभेत उभी राहते, हे तिला कळत जातं. आणि कादंबरी संस्थांनाही सोडत नाही. बायकांच्या नावानं काम करणाऱ्या संस्थांमध्येसुद्धा कुणाचं ऐकलं जातं आणि कुणाच्या दुःखाचा नुसता अहवाल होतो, हे ती स्पष्ट दाखवते.

काही ठिकाणी मला ती जड गेली, हेही सांगते. मधली काही पानं माहितीच्या फायलीसारखी वाटतात. गावांची, योजनांची, माणसांची नावं गर्दी करतात. पण तिथं थांबू नका. चार पानं पुढे गेलात की पुन्हा कुणीतरी बाई भेटते आणि हात धरून आत नेते.

दुसरं पुस्तक, 'कळ्यांचे निःश्वास'. हे 1933 चं. म्हणजे 'ब्र' च्या आधी 72 वर्षं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, पण अशी कुणी बाई तेव्हा कुणाला माहीत नव्हती. ते टोपणनाव होतं. पुस्तक आल्यावर मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, खरंच बाई आहे का, बाई असेल तर असं कसं लिहिते, अशी चर्चा सुरू झाली. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव गुपित ठेवलं. पुढे कळलं की या बाळूताई खरे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आणि मग शिकवणाऱ्या. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

असं काय लिहिलं होतं त्यांनी? आज वाचताना सुरुवातीला प्रश्नच पडतो. यात खून नाही, पळून जाणं नाही. या कथांमधल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात. मुलगी शिकली, कमावती झाली, की सगळे प्रश्न सुटतील असं तेव्हाच्या सुधारकांना वाटत होतं. विभावरीबाई त्या शिकलेल्या मुलींच्या खोलीत डोकावल्या आणि तिथून बाहेर येऊन म्हणाल्या, प्रश्न सुटले नाहीत, वेगळे झालेत. लग्नाचं वय उलटत चाललंय. हुंडा द्यायला पैसे नाहीत. आणि काही घरांत तर मुलीचा पगार येतोय म्हणून तिच्या लग्नाचं कुणी मनावरच घेत नाही. यात एक कथा आहे, तिचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असं आहे. घर चालवणाऱ्या मुलीचा तो प्रश्न आहे. घर सगळं तिच्या कमाईवर, पण ते घर तिचं नाही. आणि तिला सोबत हवी, प्रेम हवं, शरीराची ओढ आहे, हेही या कथांमध्ये मुली मनाशी बोलतात. खळबळ झाली ती यामुळे. बाईचं दुःख लोक तेव्हाही ऐकून घेत होते. बाईची इच्छा ऐकणं त्यांना जमत नव्हतं.

हे वाचताना मला माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणी डोळ्यांपुढे आल्या. बापामागं भावंडांची शिक्षणं केली, लग्नं लावून दिली, आणि आता दिवाळीला भाऊबीजेपुरती आठवण येते अशा. 1933 चं पुस्तक आहे, पण अशी बाई आजही कुठल्याही गावात बसस्टॉपवर उभी दिसेल.

एक गोष्ट मात्र जाणवते. या कथांमधलं जग लहान आहे. पुण्यासारख्या शहरातली पांढरपेशी घरं, शिक्षिका, वसतिगृहं. शेतावर राबणारी, मोळी विकणारी बाई त्यात नाही. पण विभावरीबाई तिथंच थांबल्या नाहीत. इंग्रजांनी काही जमातींवर कायद्यानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवत. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी काम केलं आणि त्या अनुभवावर 1950 मध्ये 'बळी' ही कादंबरी लिहिली. ती माझी पुढची. ग्रंथालयात सांगून ठेवली आहे.

आता सध्या चालू असलेलं पुस्तक. हरिभाऊ आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, बायकांनीही वाचावं असं. त्यात ही 'पण लक्षांत कोण घेतो?' हप्त्याहप्त्यानं येत गेली आणि 1893 मध्ये पुस्तक झालं. लिहायला घेतली तेव्हा हरिभाऊ 26 वर्षांचे होते. आणि गंमत सांगते, त्यांचा जन्म 8 मार्च 1864 चा. महिला दिन म्हणून आपण आता जो दिवस साजरा करतो, तोच. तेव्हा महिला दिन कुणाला माहीतही नव्हता. नुसता योगायोग, पण लक्षात राहतो.

कादंबरी सांगतेय यमू. स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडानं. लहानपणचं माहेर, दादा, जिवाभावाची मैत्रीण दुर्गी, मग लग्न, सासर. यमूचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. तिचा नवरा, रघुनाथराव, समंजस आहे. तो तिला वाचायला शिकवतो, तिच्याशी बोलतो. दुर्गीच्या वाट्याला मात्र भयंकर नवरा आलाय. शेजारी वाढलेल्या दोन पोरी, आणि एकीचं काय होणार नि दुसरीचं काय होणार हे फक्त नवरा कसा मिळतो यावर ठरतं. त्यांच्या हातात काहीच नाही. हरिभाऊ हे भाषण देऊन सांगत नाहीत. दोघी भेटतात, बोलतात, आणि आपल्याला ते दिसतं.

मी आता त्या भागात आहे, जिथं यमू आणि रघुनाथराव मुंबईला आलेत. पुण्याच्या सासरचा काच मागे राहिलाय. ती वाचते, नवऱ्याबरोबर चार माणसांत वावरते, मोकळा श्वास घेते. आणि मी पानं मुद्दाम हळूहळू उलटतेय. कारण शेवट मला ठाऊक आहे. या कादंबरीबद्दल कुणीही बोललं तरी तोच आधी सांगतात. रघुनाथराव जातील. यमू पुन्हा सासरी येईल. आणि शंकरमामंजी तिचं बळजबरीनं केशवपन करवतील. हे माहीत असूनही वाटतं, या मुंबईच्या घरात तिला आणखी चार दिवस राहू द्यावं.

भाषा जुनी आहे. वाक्यं लांब आहेत. पहिली वीस-पंचवीस पानं जरा नेट लावावा लागतो. पण मी एक युक्ती केली, ती तुम्हीही करा. मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचलं की ती वाक्यं एकदम सोपी होतात, कारण ती बोलण्याचीच आहेत. माजघरातल्या बायका जशा बोलतात, टोमणे मारतात, मधेच थांबतात, तशी. 26 वर्षांच्या पुरुषाला हे कसं जमलं असेल? एकत्र कुटुंबात ते वाढले, हे एक कारण. काशीबाई कानिटकर आणि त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी त्यांचा फार जिव्हाळा होता, हेही असेल. काशीबाई म्हणजे लग्नानंतर घरच्या घरी लिहायला-वाचायला शिकून लेखिका झालेल्या बाई. हरिभाऊंनी आजूबाजूच्या बायकांचं नीट ऐकलं होतं एवढं नक्की. न ऐकता असं लिहिता येत नाही.

आता या तीन पुस्तकांकडे एकत्र बघा. 1890 मध्ये बाईची कहाणी सांगायला पुरुष पुढे आला आणि बाईचा आवाज घेऊन बोलला. 1933 मध्ये बाई स्वतः बोलली, पण नाव लपवून. 2005 मध्ये बाई स्वतःच्या नावानं बोलली, आणि एकटी बोलली नाही, आणखी कितीतरी बायकांना बोलतं केलं. ही केवढी मोठी वाट आहे! आपण ती चालून आलो आहोत. आता बाई बोलत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. इथं या रेडिओवर मी बोलतेय, तुम्ही ऐकताय, याचाही त्या वाटेशी संबंध आहे.

पण हरिभाऊंचा प्रश्न तिथंच आहे. बोलण्याचा अर्धा भाग पुढे गेला. ऐकण्याच्या अर्ध्या भागाचं काय?

आमच्या आळीतल्या आम्ही सात-आठ जणी गुरुवारी दुपारी जमतो. कुणी निवडायला भाजी आणतं, कुणी गोधडी. मी वाचते, बाकीच्या ऐकतात. त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही, एकीचे डोळे अधू आहेत. सध्या यमूच चालू आहे. मागच्या महिन्यात वाचताना विधवा बायकांचा विषय निघाला. केशवपनाची गोष्ट निघाल्यावर एक जण म्हणाली, 'बरं झालं बाई, ते दिवस गेले.' सगळ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात दुसरी एक, दोन वर्षांपूर्वी जिचे मालक गेले, ती हातातली भाजी तशीच ठेवून म्हणाली, 'केस राहिले गं. पण बांगड्या फोडल्या तेव्हा माझे हात धरले होते. सगळ्या रडत होत्या. नको म्हणाली नाही कुणी.'

कुणी काही बोललं नाही. मग ती सांगत गेली. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात तिला मागच्या खोलीत बसवलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट 'तू दमली असशील, आत बस' असं प्रेमानं सांगितलं. आम्ही तिला रोज बघतो. दोन वर्षांत हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. आणि ते तिला सांगता आलं, कारण आधी यमू बोलत होती.

खरं तर केशवपन ही सगळ्या समाजांतली रीत नव्हती. कितीतरी समाजांमध्ये विधवेचा पाट लावायची पद्धत होती. वपन प्रामुख्यानं उच्चवर्णीय घरांतलं. पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, शुभकार्यात मागं सारणं हे घरोघरी, जातोजाती पसरलं. म्हणून यमूची गोष्ट त्या घरांपुरती राहत नाही.

आणि लक्षात घेणारे तेव्हाही होते, हे विसरू नये. जिथं हप्ते सुरू झाले त्याच 1890 मध्ये, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिक मंडळींची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. विचार करा. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच तो खाली ठेवला. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, ते पुढे पुण्याला आलं. आणि ज्या साली ही कादंबरी पुस्तक झाली त्याच 1893 मध्ये, शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. ज्या हिंगण्याच्या संस्थेत विभावरीबाई शिकल्या, ती याच कर्व्यांची. अशी ही पुस्तकं एकमेकींना जोडलेली आहेत.

आणि ही साखळी आपल्या काळापर्यंत येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं 4 मे 2022 रोजी ठराव केला, की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून सांगितलं. नंतर अनेक गावांनी ठराव केले. म्हणजे यमूचा प्रश्न 'ब्र' मधल्या ग्रामपंचायतीत जाऊन पोचला. एका कादंबरीतलं दुःख, आणि दुसऱ्या कादंबरीतली सभा.

पण ठराव रजिस्टरमध्ये लिहिला गेला म्हणजे झालं का? घरात माणूस गेलेलं असतं. अंगणात बायका जमलेल्या असतात. त्या वेळी कुणी ग्रामसेवक परिपत्रक घेऊन येत नाही. तिथं एकीनं पुढं होऊन म्हणावं लागतं, 'राहू द्या तिच्या बांगड्या.' एवढे चार शब्द. हाच तो ब्र. आणि तो ब्र काढणारी एकटी पडू नये म्हणून शेजारच्या दोघींनी 'हो, राहू द्या' म्हणावं लागतं. हे झालं लक्षात घेणं.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. कादंबरी वाचून काय मिळतं?

माझं उत्तर असं आहे. आपल्या घरात, शेजारात कुणी काही सांगायला लागलं की आपण तिला पुरतं बोलू देत नाही. बघा आठवून. ती दोन वाक्यं बोलते आणि आपण सुरू होतो. 'अगं, तू असं करायचं नाहीस.' 'माझ्या नणंदेचंही असंच झालं.' 'जाऊ दे, सोडून दे.' आपण वाईट नसतो. घाईत असतो, आणि तिचं दुःख ऐकवत नाही म्हणून लवकर मिटवायला बघतो. कादंबरीत तसं करता येत नाही. यमूला मधेच थांबवून सल्ला देता येत नाही. प्रफुल्लाला 'जाऊ दे' म्हणता येत नाही. ती बोलते आणि आपल्याला ऐकावं लागतं. चारशे पानं ऐकावं लागतं. तिच्या रागासकट, तिच्या चुकांसकट. इतका वेळ एका बाईचं म्हणणं आपण दुसरीकडे कुठे ऐकतो? गोष्ट रचलेली असते, खरं आहे. पण ऐकण्याची सवय लागते ती खरीच असते. आमच्या गटात भाजी निवडता निवडता जे झालं, ते या सवयीमुळेच. त्या दिवशी कुणी मधेच 'सोडून दे' म्हणालं नाही. सगळ्यांनी तिचं शेवटपर्यंत ऐकलं.

पुढच्या श्रावणात आमच्याकडे मंगळागौरीचे खेळ होतील, नंतर संक्रांतीचं हळदीकुंकू येईल. कुणाला बोलवायचं याची यादी आपणच करतो. ती कुणी सरकार करत नाही. आमच्या गटानं ठरवलंय, यादीत सगळ्यांची नावं घालायची. मोठ्या बायकांपैकी दोघीतिघी कुरकुरतील, हे माहीत आहे. त्यांच्याशी भांडायचं नाही असंही ठरलंय. त्यांनाही गुरुवारी वाचनाला बोलावलं आहे. एक आजी आल्यासुद्धा. यमूच्या सासूचं बोलणं ऐकून म्हणाल्या, 'ही तर थेट माझी सासू!' आणि मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकण्यात त्या दिवशीचं वाचन तीन पानांवरच राहिलं. राहू दे. कादंबरी कुठे पळून जात नाही.

ज्यांना वाचायला घ्यायचं आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. हरिभाऊंना जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवर आता कुणाचा हक्क नाही. 'पण लक्षांत कोण घेतो?' वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढलेली मिळते, स्वस्तातलीही मिळते. घेताना ती संक्षिप्त आवृत्ती नाही ना, एवढं बघून घ्या. काही ठिकाणी छाटलेली असते, आणि छाटलेल्या आवृत्तीत बायकांच्या गप्पाच आधी जातात. आपल्या गावात शासनमान्य ग्रंथालय असेल, अगदी 'ड' वर्गाचं असलं तरी, तिथं जाऊन पुस्तकाचं नाव मागणी म्हणून लिहून द्या. एकीनं मागितलं तर विसरतात, पाच जणींनी मागितलं तर आणतात. 'ब्र' जाड वाटली तर रोज दहा पानं ठेवा. आणि 'कळ्यांचे निःश्वास' मध्ये कथा आहेत, एका दुपारी एक पुरते. जिच्या घरात वाचायला सवड मिळत नाही तिनं तिथून सुरुवात करावी.

आणि ज्यांच्या घरी 'कादंबरी घेऊन बसली' असं म्हणतात, त्यांनी एक करून बघा. ज्या व्यक्तीला ते खटकतं, तिलाच एक पान वाचून दाखवा. सासूबाईंना दाखवा, नवऱ्याला दाखवा. जेवणं झाल्यावर, दिवा मालवायच्या आधी, एक पान. आमच्याकडे या वाचनाला सुरुवातीला नाकं मुरडणारे एक जण आता संध्याकाळी विचारतात, 'काय गं, यमूचं पुढं काय झालं?' कोण ते सांगत नाही. ते हा कार्यक्रम ऐकतात.

पुढच्या वेळेपर्यंत माझी यमू मुंबईहून परत आलेली असेल. ती पानं कशी वाचायची, मला अजून माहीत नाही. आमच्या त्या मैत्रिणीला विचारलं, तो भाग वगळू या का? ती म्हणाली, 'नको. वाच. मी शेजारी बसते.'

तुम्ही सध्या काय वाचताय, ते केंद्रावर कळवा. वाचता येत नसेल तर कुणाकडून काय ऐकलंत ते कळवा. नमस्कार.